जवळ्याच्या खळ्यावरून जाणारी जीप

मी दहावीला होते त्या वर्षी आमच्या घरी जीप आली. लष्कराने लिलावात काढलेली ती जुनी जीप होती. कुणीतरी तिचं मूळचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं. दारं नव्हती, मागे लाकडाच्या फळ्या होत्या, आणि गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तो ओढला की चारही चाकं एकदम जोर लावत. बाबांनी जीप घेतली ती त्या दांड्यासाठीच.

आमचं गाव माजिवड्याकडून खाडीला उतरणाऱ्या रस्त्याच्या शेवटी आहे. घरं संपली की खळं लागतं, म्हणजे मासळी वाळवायची चोपलेली सपाट जागा. खळ्याच्या कडेने एक कच्ची वाट बंदरावर जाते. आम्ही बंदर म्हणतो, पण आहे तो चार होड्या लागतील एवढा दगडी उतार. भरतीला त्या वाटेवर पाणी येतं आणि ओहोटीला चिखल राहतो. टेम्पोवाले तिथे यायला तयार नसत. खाडीतली मासळी कमी होत गेली तशी बाबांनी होडी भावकीत देऊन टाकली आणि जीप धरली. बर्फाच्या लाद्या आत न्यायच्या आणि होड्यांवरची मासळी बाहेर काढून ठाण्याच्या बाजारात पोचवायची, हे त्यांचं काम. ते चांगलं चाललं होतं. मी बारावी झाले, कॉलेजात विज्ञान शाखेत गेले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मला वाटतं, जीप नसती तर मी ती चढले नसते.

अडचण होती ती जिपेच्या धुराची.

चिखलात चारही चाकं लावून बाबा जोर देत तेव्हा मागून काळा लोट निघायचा. वारा खाडीवरून गावाकडे येतो. म्हणजे धूर थेट खळ्यावर. आणि संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत खळ्यावर जवळा पसरलेला असतो.

ज्यांनी जवळा फक्त वाटीत पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगते. नखाएवढी पारदर्शक कोळंबी असते ती. ओली असताना खळ्यावर हाताने उडवत पसरायची, उन्हात दोनदा हलवायची, संध्याकाळी गोळा करायची. चांगला वाळला की तो फिकट गुलाबी दिसतो आणि हातात घेतला तर काही वजनच लागत नाही. त्यावर काजळी पडली की लगेच दिसते. झाडून जात नाही. धुवावं तर अर्धवट वाळलेला जवळा पाण्याने नासतो, वास धरतो. मग तो कोंबड्यांना घालायचा, दुसरं काही करता येत नाही.

खळ्यावर बायकांचं राज्य असतं आणि त्या वेळी त्या राज्यात माझ्या आत्याचा शब्द शेवटचा होता. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. विधवा, उंच, कासोटा घातलेली, बोलायला लागली की समोरच्याने आपलं बोलणं गिळून टाकावं अशी. मी कॉलेजात जायला लागल्यापासून ती मला ‘बाईसाहेब’ म्हणायची. त्यात किती कौतुक आणि किती टोमणा हे मला कधी नीट कळलं नाही.

एका सकाळी बाबा बर्फ घेऊन आत चालले होते तर वाटेवर होडीचा जाड दोर आडवा बांधलेला. एक टोक बाभळीला, दुसरं होडीच्या जुन्या नांगराच्या कड्याला. मधोमध एक पांढरं फडकं लटकत होतं. आमच्याकडे बायकांनी दोर बांधला की पुरुषांनी तो ओलांडायचा नाही. भांडण असो, दारू असो, दोर सोडायचा तो बांधणारीनेच. आई खळ्यावरच होती, पण तिने मान वर केली नाही. तिचाही जवळा तिथेच होता.

बाबा खाली उतरले. मी दुपारच्या प्रॅक्टिकलला निघणार होते म्हणून घरीच होते. आवाज ऐकून गेले.

“ताय, बर्फ वितळते माजा,” बाबा म्हणाले.

“वितळू दे. माजा जवला काला झाला तवा तू आलास काय बगायला?”

“आता गाडी हाय तर धूर येनारच ना गो.”

“चूल माजी पन धूर करते. मी ती लोकांच्या पदराखाली नाय पेटवत.” बायका हसल्या. आत्याने फडक्याकडे बोट केलं. “हे फडकं बग. तुजी गाडी हितून गेल्यावर फडकं पांढरं राहिलं तर दोर सुटंल. नाय तर शिमग्यापरत बगते. शिमगा झाला की हा दोर हितं कायमचा. मग तुजी गाडी रस्त्यावर उभी कर, नाय तर विक.”

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “काय गो बाईसाहेब, कालेजात धुराचा काय शिकवतात की नाय?”

कॉलेजात तेव्हा आम्हाला बर्नरची पिवळी ज्योत आणि निळी ज्योत यांतला फरक शिकवून झाला होता. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते आणि काजळी धरते. पण ते आत्याला कसं सांगायचं, आणि सांगून उपयोग काय, हे मला सुचलं नाही. माझं हे नेहमीचं आहे. आधी शब्द जुळवत बसते आणि तोवर समोरचा निघून जातो.

जीप रस्त्यावरच उभी राहायला लागली तर बाबांना कुणी बोलावणार नव्हतं. रस्त्यापर्यंत टेम्पो येतच होते. बाबांनी त्या दिवशी जेवताना आईला एवढंच सांगितलं की माजिवड्याला एका कंपनीत वॉचमन हवा आहे. आईने त्यांना पुन्हा भात वाढला. खाडीवर जन्म गेलेला माणूस गेटवर स्टुलावर बसलेला मला डोळ्यांसमोर आणता येईना.

मार्ग काढला मामाने. मामा डोंबिवलीला केमिकलच्या कारखान्यात कामाला होता. त्यांच्या आवारात येणाऱ्या ट्रकच्या सायलेन्सरला ठिणगी अडवणारा डबा लावावा लागे, ते त्याने पाहिलेलं होतं. शिवाय त्यांच्याकडे वाफेतले थेंब अडवायला तारेच्या विणलेल्या गाद्या वापरत. जुन्या झाल्या की भंगारात जात. तशी एक गादी तो रविवारी पिशवीत घालून घेऊन आला.

बाबांनी ती गादी हातात घेतली आणि उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत बसले. “हे विनलेलं हाय,” ते म्हणाले. “जालंच हाय हे. बारीक आसाचं.” आस म्हणजे जाळ्याचं भोक.

“धूर जाईल, काजली अडकंल,” मामा म्हणाला. “मासं अडकतात तशी.”

हे बाबांना एकदम पटलं. माजिवड्याच्या गॅरेजात एक लोखंडी डबा करून घेतला, सायलेन्सरच्या शेवटी वेल्डिंगने बसवला, झाकणाला नटबोल्ट. आत गादीची घट्ट गुंडाळी. जीप सुरू केली तर आवाजसुद्धा बदलला होता. सर्दी झालेल्या माणसासारखी बोलायला लागली. धूर मात्र खरंच कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण काळ्याचा राखाडी झाला. आत्याने दोर खाली करून फडकं बाभळीला अडकवलं, गाडी खळ्याजवळून गेली, आणि ती फडक्याजवळ जाऊन डोळे बारीक करून बघत राहिली. नाक लावून वासही घेतला.

“ठीक हाय,” ती म्हणाली. “सद्या.”

आता बाबांना एक नवीन उद्योग लागला. गादी भरली की जीप दमायची, चढाला मागे सरायची. मग ते बंदरावर बसून झाकण खोलत, गादी काढत, खाडीच्या पाण्यात बुचकळून खळखळा धूत आणि बाभळीवर वाळत टाकत. आमच्याकडे सगळं असंच धुतात. जाळी, टोपल्या, होडी, पाय, जखमसुद्धा. खाडीचं पाणी म्हणजे आमचं धुण्याचं पाणी. त्यात काही चुकतंय असं बाबांना वाटलं नाही, आईला नाही, मामालाही नाही. मलाही नाही, आणि मी तर रसायनशास्त्र शिकत होते. बाभळीवर वाळणारी ती काळी गादी दुरून खरंच जाळ्यासारखी दिसायची.

खारं पाणी आणि तापलेलं लोखंड. थोड्याच आठवड्यांत आतली तार कुजली. वरून गादी धड दिसत होती. एका दुपारी बाबांनी चिखलातून वर येताना जोर दिला आणि डब्यातून फट्‌ असा आवाज झाला. गंजाचे तुकडे आणि इतके दिवस साठलेली काजळी एकाच वेळी बाहेर पडली. धूर परवडला असता. हे ओल्या काळ्या गोळ्यांसारखं होतं आणि ते गेलं सरळ आत्याच्या वाट्याच्या जवळ्यावर.

आत्या पुढे आली. तिने वाकून मूठभर जवळा उचलला, बाबांच्या हातात ठेवला आणि दोर बांधायला गेली.

मामाने दुसरी गादी आणली. “ही शेवटची, भावोजी,” तो म्हणाला. “भंगारवाला घेऊन गेला बाकीच्या.” या वेळी आई म्हणाली, गोड्या पाण्याने धुवा. गोडं पाणी म्हणजे नळाचं, सकाळी रांग लावून भरलेलं. आपल्या हंड्यातलं पाणी ती त्या गादीवर ओतायची तेव्हा तिचा चेहरा बघवत नसे, पण ती ओतायची. आत्यानेही पाहिलं असणार. नळाच्या रांगेत तिने आईला एकदा पुढे घेतलं, असं आई म्हणाली. आत्याने कारण मात्र सांगितलं नाही. दोर परत खाली झाला, पण सुटला नाही. आत्याने तो बाभळीला तसाच गुंडाळून ठेवला आणि शिमगा अगदी जवळ आला होता.

बाबांनी आता गाडी जपायला सुरुवात केली. त्यांचं जपणं म्हणजे हळू चालवणं. नवी होडी पाण्यात घातल्यावर पहिले दिवस जशी हलक्या हाताने वल्हवतात तशी ते जीप चालवत. गावातून बंदर, बंदरातून गाव, पहिल्या-दुसऱ्या गिअरात. ठाण्याच्या बाजारालासुद्धा माजिवड्याच्या नाक्यापुढे न जाता ते मासळी दुसऱ्या टेम्पोत चढवून परत फिरायला लागले. जेवढी कमी चालेल तेवढी गादी टिकेल, असा त्यांचा हिशेब. पण झालं उलटंच. गादी पूर्वीपेक्षा लवकर भरायला लागली. आधी आठवड्याने धुवावी लागे, मग एक दिवसाआड. वर काजळी आता चिकट, तेलकट यायला लागली. नळाच्या पाण्याने निघेना.

मी एकदा भीत भीत म्हटलं, “बाबा, ती गरम होत नाहीये. आमच्या कॉलेजात परीक्षानळीच्या बुडाला काजळी धरते ना, ती निळ्या ज्योतीवर नीट तापवली की जळून जाते.”

“आनि गादी वितळली म्हंजे? शेवटची हाय ती, बाय.”

वितळणार नाही असं मी खात्रीने सांगू शकत नव्हते.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मोठं उधाण होतं. बाबा ओहोटी संपता संपता बंदरावरून मासळी घेऊन निघाले आणि वाटेच्या मधोमध, सगळ्यात खोल चिखलात, जीप गुदमरली. शब्द हाच बरोबर आहे. दांडा ओढलेला, चारही चाकं लागलेली, पण जोरच नाही. दोनदा खोकली आणि बंद पडली. भरतीचं पाणी वळलं होतं. बाबा खाली उतरून डब्याचे नट सोडायला लागले, ते गरम, हात भाजले. पाणी चाकाला लागलं.

खळ्यावरून कुणीतरी ओरडलं. आमच्याकडे होडी अडकली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी जायचं असतं, ती होडी कुणाची हे विचारायचं नसतं. जीप काही होडी नव्हती. बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात आत्या बाभळीकडे धावली. तिने तो गुंडाळलेला दोर ओढून काढला, त्यावरचं फडकं सोडून कमरेला खोचलं आणि तशीच चिखलात उतरली.

“बगता काय गो! पान्यात गेली तर काय मीठ पिकवायचं हाय तिच्यात?”

दोर पुढच्या कड्याला बांधला. आई, आत्या, खळ्यावरच्या सगळ्या बायका, होड्यांवरचे बाप्ये, मी. मी कॉलेजला निघालेली होते, इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसमध्ये. माझ्या पुढे आत्या होती; तिच्या पाठीला घाम आणि जवळ्याचा वास होता. होडी ओढताना घालतात तीच साद घातली आणि जीप हलली. वर आल्यावर सगळे जागच्या जागी बसले. कुणी हसलं, मग सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते आत्याच्या हातातल्या दोराकडे बघत होते.

आत्या म्हणाली, “आता हा बांधू की नको ते नंतर बगू. आदी मना सांग, ही गाडी कल्यानपरत जाईल काय?”

शिमग्याआधीचा कल्याणचा बाजार म्हणजे सुक्या मासळीचा मोठा दिवस. बायका एरवी एसटीने जात. टोपल्या बघितल्या की कंडक्टर नाक मुरडायचा, कधी चढू द्यायचा, कधी नाही. त्या वर्षी माल भरपूर होता.

“नेतो,” बाबा म्हणाले. डबा काढून टाकू, असंही ते म्हणाले. आत्या म्हणाली, “राहू दे. रस्त्याला पन लोकांचे जवले असतील.”

बाजाराच्या दिवशी मला कॉलेज नव्हतं, म्हणून मीही गेले. मागे टोपल्यांची उतरंड, त्यावर बायका, पुढे बाबा, आत्या आणि मी. टोपल्या बांधायला दुसरं काही मिळालं नाही तेव्हा आत्याने तोच दोर दिला. माजिवड्याहून निघालो तेव्हा गादी धुऊनही जीप इतकी दमलेली होती की सायकलवाला पुढे गेला. बाबा आपले जपत, हळू.

“बैलगाडी हाय काय रं?” मागून आवाज आला.

“बैल पन चालला असता येवड्यात!”

“आरं बाजार उठंल, मंग आमी काय मुंग्यांना विकू काय जवला?”

कशेळीचा पूल गेला. बायका ऐकेनात. शेवटी आत्याने बाबांच्या गुडघ्यावर हात मारला. “दाब पाय. गाडी काय काचेची हाय?” आणि बाबांनी पाय दाबला. गाडी भरलेली, रस्ता लांब. इंजिन कण्हायला लागलं. मी कडेने बाहेर वाकून मागे डब्याकडे बघत होते. कोनगाव जवळ आलं तसा जळका वास यायला लागला. मग डबा तापून मंद लाल दिसायला लागला. मी घाबरून बाबांना सांगितलं. त्यांनी पाय काढला नाही. मला वाटतं, आता जे व्हायचं ते होऊ दे असं त्यांनी ठरवलं होतं. मागच्या बायकांनी पाय वर घेतले. दोन-चार ठिणग्या उडाल्या, थोडा निळसर धूर आला, आणि मग, कसं सांगू, जिपेने श्वास घेतला. इतके दिवस नाकात बोलणारी ती मोकळ्या घशाने बोलायला लागली. दुर्गाडीच्या पुलावर बाबा एका टेम्पोला मागे टाकून गेले आणि बायकांनी ओरडून टेम्पोवाल्याला नको ते सांगितलं.

कल्याणला माल उतरवून झाल्यावर, डबा निवल्यावर, बाबांनी झाकण उघडलं. गादी जागेवर होती. वितळली नव्हती. तार करडी, जवळजवळ कोरी दिसत होती, तळाशी चिमूटभर राख. बाबांनी फुंकर मारली, ती उडून गेली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “निली ज्योत.” एवढंच. कुणी माझं बोललेलं लक्षात ठेवलं आहे हे मला तेव्हा कळलं.

आत नेमकं काय घडलं ते मी आजही पूर्ण सांगू शकणार नाही. हल्ली ऐकते की परदेशात कुठे कुठे डिझेलच्या गाड्यांना अशा जाळ्या बसवून बघत आहेत आणि त्यांनाही हीच अडचण आहे, की गाडी जवळच्या जवळ फिरली तर जाळी तुंबते. आमच्या सरांनी एकदा हे सांगितलं तेव्हा मला हात वर करून काहीतरी बोलायचं होतं. मी शब्द जुळवत राहिले आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी आत्याने कमरेचं फडकं काढलं. ते चिखलाने माखलं होतं. तिने ते धुऊन खळ्याच्या कडेला काठीवर लावलं. बाबा बर्फ घेऊन आत गेले, मासळी घेऊन बाहेर आले. आम्ही सगळ्या उभ्या होतो. आत्या फडक्याजवळ गेली. मी पण गेले. ते पांढरं होतं असं मी म्हणणार नाही. वरच्या कोपऱ्यात अगदी फिकट एक सावली होती, मला स्पष्ट दिसत होती, म्हणजे तिलाही दिसली असणार. जवळ्यावर मात्र काही नव्हतं.

आत्याने फडकं काढून खांद्यावर टाकलं. बाबा जीप बंद करून वाट बघत होते.

“पुढल्या बाजाराला कितीला निगायचं?” तिने विचारलं.

मग दर आठवड्याला एकदा जीप कल्याणला जायला लागली, टोपल्या आणि बायका घेऊन, पाय दाबून. गादी धुवायची वेळ पुन्हा फारशी आली नाही. शिमगा आला, होळी लागली, खळ्यावर नाच झाला. दोर कुणी बांधला नाही. बांधायला तो खळ्यावर नव्हताच. जिपेत होता, मागच्या फळीला गुंडाळलेला, आणि दर बाजाराला आत्याच्या टोपल्या त्यानेच बांधल्या जात.